आधी चालवून दाखवा

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या सुमारास, तापीकाठच्या सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातल्या या गावात एकमुखी दत्ताची यात्रा आणि अश्वबाजार ही जोडी जुनी. अलीकडे ‘चेतक फेस्टिव्हल’ या नावाने तिला पर्यटनाची झालरही लागली. मारवाडी, काठियावाडी घोडे येतात, त्यांच्या किमतींच्या बातम्या होतात. जाणते गिऱ्हाईक मात्र त्या आकड्यांना भुलत नाही. ते दात पाहते, भोवरे पाहते, मग वाकून पुढच्या पायाच्या मागच्या बाजूने, गुडघ्यापासून खुराकडे, हात फिरवते. तिथली शीर गरम लागते का, फुगलेली लागते का, हे बोटांना कळते. एवढे करूनही सौदा ठरवण्याआधी त्याची एक मागणी उरतेच : आधी चालवून दाखवा.

या लेखाचा विषय आहे मांजर, आणि तरीही सुरुवात घोडेबाजारापासून करण्याला कारण आहे. जनावरांच्या लंगडण्यावरचे ‘पुनर्जनन उपचार’ म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेट-समृद्ध प्लाझ्मा, ज्याला सगळे पीआरपी म्हणतात, किंवा चरबीतून अथवा अस्थिमज्जेतून वेगळ्या केलेल्या मूलपेशी. हे उपचार आधी घोड्याच्या पायावर रुजले, तिथून कुत्र्याकडे आले आणि आता मांजरापर्यंत पोचू पाहत आहेत. मोठ्या शहरांतल्या पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांत हे शब्द सर्रास ऐकू येतात. शहरात जे आज येते ते पाच-दहा वर्षांनी जिल्ह्याच्या गावी येते, हा आपल्याकडचा नेम आहे. म्हणून नंदुरबारसारख्या जिल्ह्याने हा प्रश्न आताच विचारावा. जखमी स्नायूच्या मांजराला या उपचारांनी खरोखर काय मिळते? मला दिसणारे उत्तर असे : घोड्याच्या कंडरेसाठी पुरावा बऱ्यापैकी आहे, मांजराच्या स्नायूसाठी तो जवळजवळ नाही, आणि हा फरक योगायोगाचा नाही. तो स्नायूच्या स्वभावात आहे.

स्नायूची स्वतःची शिबंदी

स्नायू फाटला की आत रक्त साकळते, सूज येते आणि मेलेले तंतू साफ करायला पांढऱ्या पेशी धावतात. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो या शास्त्रज्ञाने बेडकाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना तंतूंच्या कडेला चिकटून बसलेल्या काही निराळ्या पेशी टिपल्या आणि त्यांना उपग्रह पेशी असे नाव दिले. पुढच्या संशोधनाने त्यांचे काम उलगडले. एरवी निपचित असणाऱ्या या पेशी इजा होताच जाग्या होतात, दुणावतात, एकमेकींत मिसळून नवा तंतू घडवतात. म्हणजे स्नायूला लागणाऱ्या मूलपेशी निसर्गाने जागच्या जागीच ठेवलेल्या असतात. ही दुरुस्ती पहिल्या आठवड्यात सुरू होते, दुसऱ्या आठवड्याच्या आसपास ऐन भरात येते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ओसरते. याच काळात शेजारी दुसरे काम चाललेले असते : व्रणाची चिवट ऊती तयार होण्याचे. नवा तंतू आणि व्रण यांच्यात ही शर्यतच असते. व्रण जिंकला तर स्नायू आखडतो, आणि जनावर जखम भरूनही लंगडत राहते.

कंडरेचे, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीचे, तसे नसते. तिला रक्तपुरवठा तुटपुंजा, पेशी थोड्या, दुरुस्ती मंद. आणि भरून आलेली जागा मूळच्या लवचीकपणाला पोचत नाही. धावणाऱ्या घोड्याच्या पुढच्या पायातली कंडरा एकदा फाटली की पुन्हा फाटण्याची भीती कायम असते. बाजारातले गिऱ्हाईक जिथे हात फिरवते, ती जागा हीच. जिथे निसर्गाची स्वतःची शिबंदी कमी, तिथे बाहेरून कुमक पाठवण्यात अर्थ आहे. जिथे शिबंदी भरपूर आहे, तिथे कुमक पाठवण्याआधी वाट कुठे अडली आहे ते पाहावे लागते. रक्तवाहिनी बंद असेल, मज्जातंतू तुटला असेल, आत पू साठला असेल, तर हव्या तितक्या पेशी टोचल्या तरी त्या उपाशीच मरणार.

श्रेय कुणाचे?

लंगडणाऱ्या बैलाला डाग देण्याची चाल आपल्याकडे गावोगाव होती. तापलेल्या सळईने कातडीवर रेघा ओढायच्या आणि जनावर गोठ्यात बांधून ठेवायचे. हे केवळ आपल्या अडाणीपणाचे लक्षण मानायचे कारण नाही. इंग्लंडमध्ये शर्यतीच्या घोड्यांच्या कंडरांवर नेमका हाच उपचार पदवीधर पशुवैद्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही करत होते. ब्रिस्टल विद्यापीठातल्या आय. ए. सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये या प्रथेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. डागणीने कंडरा लवकर भरते वा मजबूत होते असे त्यात दिसले नाही. मग पिढ्यान्‌पिढ्या लोकांना गुण कसा येत होता? उत्तर साधे आहे. डागलेल्या घोड्याला महिनोन्‌महिने कुणी पळवत नसे. गुण विश्रांतीचा होता, नाव सळईचे झाले.

नव्या उपचारांकडे पाहताना हा धडा जवळ ठेवावा. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजशी संबंधित संशोधकांनी २०१२ मध्ये कंडरा फाटलेल्या १४१ घोड्यांचा अनुभव मांडला. या घोड्यांना त्यांच्याच अस्थिमज्जेतून वाढवलेल्या मूलपेशी टोचल्या होत्या. पुढच्या काळात सुमारे २७ टक्के घोड्यांची कंडरा पुन्हा दुखावली. आधीच्या अभ्यासांत, इतर उपचार झालेल्या अडथळ्यांच्या शर्यतींच्या घोड्यांत, हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. फरक लक्षणीय आहे. पण तुलना आधीच्या घोड्यांशी होती. शेजारी तसाच, फक्त मूलपेशींवाचूनचा, दुसरा गट नव्हता. शिवाय प्रत्येक घोड्याला जवळपास वर्षभराचा, आठवड्यागणिक आखलेला चालवण्या-पळवण्याचा क्रम पाळावा लागला होता. म्हणून संशोधकांनी पुढे, २०१३ मध्ये, १२ घोड्यांवर तुलनेचा प्रयोग प्रसिद्ध केला : निम्म्यांना मूलपेशी, निम्म्यांना फक्त खारे पाणी, आणि व्यायामक्रम दोघांना सारखा. मूलपेशी मिळालेल्या कंडरांची घडण निरोगी कंडरेच्या अधिक जवळ होती. घोडे थोडे, पण प्रश्न नीट विचारलेला. युरोपीय संघाने २०१९ मध्ये मूलपेशींच्या पहिल्या पशुवैद्यकीय औषधाला मान्यता दिली, तीही घोड्याच्या लंगडण्यासाठीच. विज्ञानात ‘चालवून दाखवणे’ असे असते.

आता स्नायूकडे वळू. इथला सर्वांत बोलका दाखला माणसांचा आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मांडीच्या मागचा स्नायू दुखावलेल्या ८० खेळाडूंचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. एका गटाला पीआरपीची इंजेक्शने, दुसऱ्याला खाऱ्या पाण्याची. कुणाला काय मिळाले हे ना खेळाडूला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. २०१४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला. मैदानावर परतायला मधल्या खेळाडूला लागलेले दिवस पीआरपीच्या गटात ४२ आणि खाऱ्या पाण्याच्या गटातही ४२. व्यायामोपचार दोघांना सारखा होता. इथेही गुण कशाचा आणि नाव कशाचे झाले असते, हे उघड आहे. कारणाची एक बाजू जीवशास्त्रातही सापडते. प्लेटलेटमधून जे वाढीचे घटक सुटतात त्यांतला टीजीएफ-बीटा हा व्रणाच्या ऊतीला चालना देणारा म्हणून ओळखला जातो. कंडरेत तो उपकारक ठरू शकतो. स्नायूत मात्र शर्यतीतल्या चुकीच्या भिडूला तो बळ देण्याची शक्यता असते.

मांजर म्हणजे लहान घोडा नव्हे

मांजराच्या शरीराकडे आलो की अडचणी वाढतात. साधारण चार किलोच्या मांजरात एकूण रक्त २५० मिलिलिटरच्या घरात असते; घोड्यात ते ३०-३५ लिटर. पीआरपीच्या अनेक संचांना ५०-६० मिलिलिटर रक्त लागते. घोड्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मांजराच्या रक्ताचा मात्र तो पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक होईल. कमी रक्तावर चालणाऱ्या पद्धती आहेत, पण तिथे दुसरी अडचण उभी राहते. मांजराच्या प्लेटलेट आकाराने मोठ्या आणि गुठळ्या करण्यात तरबेज. सुई टोचताना जरा ओढाताण झाली की नळीतच त्यांचे झुबके होतात, आणि यंत्र त्यांची मोजदाद चुकवते. म्हणजे ‘प्लेटलेट-समृद्ध’ म्हणून जे टोचले त्यात प्लेटलेट किती होत्या, हेच अनिश्चित. डेंग्यूमुळे प्लेटलेटचा आकडा किती महत्त्वाचा असतो हे घराघरांत माहीत झाले आहे. मांजराच्या बाबतीत तो आकडा डोळ्यांनी काचपट्टीवर पडताळावा लागतो.

मूलपेशींचा हिशेब वेळेवर अडतो. मांजराच्याच चरबीतून पेशी काढून प्रयोगशाळेत पुरेशा संख्येने वाढवायच्या तर काही आठवडे जातात. स्नायूची स्वतःची दुरुस्ती दुसऱ्या आठवड्यात भरात असते. वऱ्हाड मांडवात पोचेपर्यंत पंगत उठलेली असते. दुसऱ्या मांजराच्या साठवलेल्या पेशी वापरल्या तर वेळ वाचतो, पण परिणाम तसाच राहतो असे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत मांजरांच्या तोंडाच्या एका चिवट, दात काढूनही न हटणाऱ्या दाहावर मूलपेशींचे प्रयोग झाले. २०१६ च्या पहिल्या अभ्यासात स्वतःच्या पेशी मिळालेल्या सातपैकी पाच मांजरांना स्पष्ट गुण आला. परक्या पेशींच्या पुढच्या अभ्यासात सातपैकी चौघांना. हे यश खरे आहे आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे : तो आजार रोगप्रतिकारशक्ती बिथरण्याचा आहे, आणि तिला आवर घालणे हा या पेशींचा ठळक गुण. उलट, मांजरांच्या जुनाट मूत्रपिंडविकारावर कोलोरॅडो राज्य विद्यापीठात झालेल्या प्रयोगांनी सुरुवातीला आशा दाखवली, पण तुलनेचा गट ठेवून पाहिल्यावर ठोस फायदा दिसला नाही. एकच उपचार, एकच प्राणी, दोन आजार आणि दोन उत्तरे. ‘मूलपेशी मांजरात चालतात का’ हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. कशावर चालतात, हे विचारले पाहिजे.

यापुढची अडचण निदानाची. मांजर दुखणे लपवते. त्याचे लंगडणे पाहून ‘मुरगळले असेल’ म्हणणे सोपे, पण बाहेर फिरणाऱ्या मांजरात लंगडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे बोक्यांच्या भांडणातला चावा. वरची जखम दोन दिवसांत मिटते आणि आत गळू धरते. तिथे हवा चिरा आणि प्रतिजैविक. एकाएकी मागचे दोन्ही पाय लुळे पडले, ते गार लागले, पिंढऱ्या दगडासारख्या घट्ट झाल्या आणि मांजर ओरडू लागले, तर बहुतेकदा हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी महाधमनीच्या शेवटी अडकलेली असते. स्नायू तिथे खरोखरच मरत असतो, पण दोष हृदयाचा. आणि आपल्या देशात, पाय लुळा पडलेल्या व स्वभाव बदललेल्या मांजरात रेबीजची शंका आधी घ्यावी लागते. तिथे प्रश्न मांजराच्या चालण्यापुरता उरत नाही, घरातल्या माणसांच्या जिवाचा होतो. यांतल्या एकाही ठिकाणी पीआरपीला काम नाही, आणि चुकून दिले तर हातची वेळ मात्र जाते.

आक्षेपांची बाजू

यावर पहिले म्हणणे येते ते असे : स्वतःचेच रक्त आहे, गुण नाही आला तरी अपाय कसला? अपाय आहे. रक्त काढायला आणि सुई नेमक्या जागी न्यायला मांजराला गुंगी द्यावी लागते, आणि हृदयरोग दडलेल्या मांजरात गुंगी निर्धोक नसते. शिवाय मांजराची ऊती दाहाला आपल्या पद्धतीने उत्तर देते. लस टोचलेल्या जागी क्वचित होणाऱ्या कर्कगाठींची नोंद अमेरिकेत १९९१ मध्ये झाली, तेव्हापासून मांजराला सुई कुठे टोचायची याचे नियमच बदलले. पीआरपीने असे होते असा याचा अर्थ मुळीच नाही. घोड्याला सोसते ते मांजराला सोसेलच असे गृहीत धरू नये, एवढाच अर्थ आहे. याचा सर्वांत कडवा पुरावा तर औषधांच्या डब्यात पडलेला असतो. आपण डोकेदुखीला घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करून बाहेर टाकण्याची यकृतातली वाट मांजरात जवळजवळ बंद असते. हिरड्या मळकट तपकिरी होतात, श्वास लागतो. लंगडणाऱ्या मांजराला कळवळून दिलेली ही गोळी मूळच्या इजेहून घातक ठरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुरावा नाही म्हणजे गुण नाही असे नव्हे. कुणीतरी आधी करून पाहिल्याशिवाय पुरावा येणार कुठून? हे अगदी खरे. म्हणूनच करून पाहणे आणि विकणे यांत भेद करावा लागतो. माणसांच्या बाबतीत आपल्याकडे हा भेद कागदावर तरी स्पष्ट आहे : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्य आजारांसाठीची रक्तपेशींची प्रत्यारोपणे सोडली तर मूलपेशींचा इतर वापर हा प्रयोग मानायचा आणि प्रयोगाच्याच नियमांनी करायचा. प्राण्यांनाही हीच मोजपट्टी लावायला हरकत नसावी. प्रयोग असेल तर मालकाला तसे सांगावे, तुलनेचा गट ठेवावा, नोंदी जपाव्यात, आणि प्रयोगाचे पैसे मालकाकडून घेऊ नयेत. हे करणाऱ्या संस्थेला मांजरे मिळाली पाहिजेत, प्रोत्साहनही मिळाले पाहिजे. मोठ्या अपघातात स्नायूचा मोठा लचकाच गेला असेल, उपग्रह पेशींनाही भरून काढता येणार नाही इतकी पोकळी असेल, तिथे उद्या याच उपचारांतून वाट निघू शकते.

तिसरे म्हणणे मालकांचे असते : इंजेक्शन दिले आणि मांजर तीन आठवड्यांत उड्या मारू लागले, याला काय म्हणाल? याला स्नायूचे वेळापत्रक म्हणायचे. तीन आठवड्यांत बहुतेक साध्या इजा तशाही भरतात. फिनलंडमधल्या मार्कू यार्विनेन यांनी १९७० च्या दशकात उंदरांवर दाखवून दिले की दुखावलेल्या स्नायूला आधी थोडे दिवस विश्रांती आणि मग लवकर, बेताबेताने हालचाल दिली की तो सर्वांत चांगला जुळतो. फार काळ जखडला तर व्रण आणि आखडणे वाढते. कोवळ्या मांजरात मांडीचे हाड मोडून पाय बांधून ठेवला आणि पुढचा स्नायू हाडाला चिकटून पाय काठीसारखा ताठ झाला, ही शल्यचिकित्सकांना ओळखीची दुर्दशा आहे. म्हणजे उपचाराचे खरे कौशल्य दोन वेळा साधण्यात आहे : थांबवायचे कधी आणि चालवायचे कधी. पिंजऱ्यात किंवा एका लहान खोलीत दहा-बारा दिवस, मग रोज थोडे फिरणे, हलक्या हाताने पाय वाकवणे-सोडणे, आणि मांजराला सोसेल असे वेदनाशामक.

नंदुरबारचा हिशेब

शेवटचा आक्षेप या जिल्ह्याच्या नावानेच उभा राहतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला, जवळपास सत्तर टक्के आदिवासी लोकवस्तीचा, कुपोषण आणि सिकलसेलच्या बातम्यांतून उर्वरित महाराष्ट्राला माहीत असलेला हा जिल्हा. पशुवैद्यकाच्या नकाशावरही तो चमकला तो रोगानेच : फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. इथे मांजराच्या स्नायूची चर्चा ही चैन नव्हे का? सरकारी नजरेने मांजर आहे तरी कुठे? पशुगणनेत कुत्र्याला रकाना आहे, सशाला आहे, हत्तीलाही आहे, मांजराला नाही.

पण ही चैन आहे असे म्हणणारा माझ्याच बाजूने बोलतो. महागडे इंजेक्शन ही चैन आहे. ते योग्य आहे की नाही हे ओळखण्याचे शहाणपण चैन नव्हे. सातपुड्यातल्या घरात कणगीतली ज्वारी आणि मका उंदरांपासून राखणारे मांजर कुणाच्या हौसेचे नसते, ते कामाला असते. त्याच्यासाठी जे लागते तेच शेळीला, बैलाला, कोंबड्या राखणाऱ्या कुत्र्यालाही लागते : बोटांनी आणि सोनोग्राफीने केलेली तपासणी, दुखणे मोजण्याची सवय, सुरक्षित वेदनाशामक. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी मांडली. कान, डोळ्यांचे मिटणे, नाका-तोंडाचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण, एवढ्या पाच गोष्टी पाहायच्या. तिला ना वीज लागते, ना यंत्र. दुर्गम दवाखान्यातला पशुधन पर्यवेक्षकही ती शिकू शकतो. वेदनाशामकाचेही तसेच. गिधाडांच्या ऱ्हासानंतर भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीचे डायक्लोफिनॅक बंद केले आणि त्याच्या जागी मेलोक्सिकॅम पुढे आणले. ते आज सर्वत्र मिळते आणि मांजरालाही, पाण्याची कमतरता व मूत्रपिंडे तपासून, वजनाप्रमाणे अगदी थोड्या मात्रेत देता येते. तो डोस ठरवणारा जाणकार हात तेवढा हवा.

धडगावच्या डोंगरपाड्यावरून किंवा सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या गावातून जनावर नंदुरबारला आणायचे तर दिवस मोडतो; पशुवैद्यक महाविद्यालयासाठी मुंबईतले परळ किंवा शेजारच्या गुजरातेतले नवसारी गाठावे लागते. अशा ठिकाणी पहिले पैसे कशावर घालायचे, याचे उत्तर इजेच्या पहिल्या दोन दिवसांत आहे; आठवड्यांनी येणाऱ्या पेशींत नाही. सामग्री नसल्याची सबबही पूर्ण खरी नाही. कृत्रिम रेतनाच्या कांड्यांसाठी द्रव नत्राची पात्रे सरकारी दवाखान्यांत पिढीभर आहेत. पेशी साठवायची वेळ खरोखर आलीच तर थंडीचे तंत्र अगदीच परके नाही. आणि या जिल्ह्यात पुनर्जनन उपचारांचा श्रीगणेशा करायचाच असेल तर त्याची जागा सारंगखेड्याच्या वाळूत आहे : घोड्याच्या कंडरेवर, पुरावा आहे तिथे, प्रत्येक घोड्याची वर्षभर नोंद ठेवून.

मांजराच्या मालकाने, आणि त्याच्या डॉक्टरानेही, नव्या इंजेक्शनपुढे तीन गोष्टी विचाराव्यात. दुखणे नक्की स्नायूचे आहे, हे कशावरून ठरले? हा उपचार या ऊतीवर, या प्राण्यात, तुलनेचा गट ठेवून कुणी करून पाहिला आहे का? आणि नुसती विश्रांती, वेदनाशामक व बेताची हालचाल दिली असती तर काय झाले असते? तिसऱ्याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याच्यापाशी सळई आहे की सिरिंज, याने फारसा फरक पडत नाही. सारंगखेड्याचे गिऱ्हाईक विक्रेत्याचे वर्णन शांतपणे ऐकून घेते, घोड्याच्या अंगावरच्या झुलीचे कौतुकही करते. मग झूल बाजूला सारून लगाम विक्रेत्याच्याच हातात देते आणि चार पावले मागे सरून उभे राहते.